इलेक्ट्रिक डर्ट बाइक आल्यामुळे इंदूरजवळ मोटोक्रॉसचा ट्रॅक करणं सोपं होईल का?

तुम्ही लिहिलंय की खंडवा रोडला तुमची वडिलोपार्जित चार एकर जमीन आहे. शेजारच्यांच्या तक्रारींच्या धास्तीने तिथे मोटोक्रॉसचा, म्हणजे मातीच्या चढउतारांवर मोटरसायकल पळवायचा, सरावाचा ट्रॅक करायचं राहून गेलं, आणि आता बिनआवाजाच्या गाड्या आल्यावर ते जमेल का, असं तुम्ही विचारताय. माझ्या मते जमेल. पण ट्रॅक फक्त इलेक्ट्रिक गाड्यांचाच ठेवा, आणि आवाज सोडून उरलेल्या भानगडी आधी निस्तरा. मी इंदूरचाच. महूच्या बाजूला मित्राने भाड्याने घेतलेल्या जमिनीवर छोटा ट्रॅक आहे, तिथे पाणी मारण्यापासून झेंडा धरण्यापर्यंत पडेल ते काम करतो. तिथे जे दिसतं त्यावरून लिहितोय.

आधी आवाज. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत रहिवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. मोटोक्रॉसची पेट्रोल गाडी जवळून १०० च्या आसपास जाते. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की साधारण ६ डेसिबल उतरतात, पण एका गाडीच्या जागी दहा फिरायला लागल्या की १० चढतात. शिवाय १९९८ मध्ये यामाहाची वायझेड ४०० एफ ही फोर-स्ट्रोक इंजिनाची गाडी आली आणि हळूहळू फोर-स्ट्रोकचंच राज्य झालं. त्यांचा घुमणारा जाड आवाज आधीच्या टू-स्ट्रोक इंजिनांच्या कर्कश आवाजापेक्षा लांबवर पोचतो. गावाला त्रास होतो तो त्याचाच.

आमच्या कुंपणाला लागून ज्यांचं शेत आहे त्या काकांची तक्रार अगदी नेमकी होती. संध्याकाळी धारेच्या वेळेला गाड्या सुरू झाल्या की म्हैस पान्हा चोरते. त्यापायी आम्ही चारनंतर ट्रॅक बंद ठेवायचो. मग ओळखीतल्या एकाने इलेक्ट्रिक गाडी आणली, आणि काकांना विचारून आम्ही ती मुद्दाम त्याच वेळेला फिरवली. चेनची खरखर, मोटरची बारीक शीळ आणि टेबलटॉपवरून (सपाट माथ्याच्या जंपवरून) उतरताना येणारा धप्प आवाज, बस. म्हैस रवंथ करत उभी राहिली आणि चरवी नेहमीसारखी भरली. त्या दिवसापासून इलेक्ट्रिकवाल्यांना संध्याकाळ मोकळी आहे. तेव्हा या गाड्यांनी जागा मिळते का, तर हो, मिळते. मी स्वतः पाहिलंय.

पण त्याच काकांची दुसरी तक्रार तशीच राहिली, ती धुळीची. लसूण काढून बांधावर वाळत घातला की आमची धूळ त्यावर जाऊन बसते आणि मंडीत भाव पडतो. धुळीला गाडी पेट्रोलची की बॅटरीची याच्याशी काही देणंघेणं नाही. आपली माळव्याची काळी माती तर या बाबतीत फारच हट्टी आहे. पावसाळ्यात फुगते आणि चाकाला अशी लपेटते की गाडी ढकलावी लागते. उन्हाळ्यात भेगा पडतात आणि वरचा थर पिठासारखा होतो. आम्ही जंपच्या तोंडाला आणि उतरायच्या जागी मुरूम घालून दाबतो, वळणांवर रोटाव्हेटर फिरवतो, आणि टँकर आदल्या संध्याकाळी मारतो. सकाळी मारलं तर वर चिखल आणि खाली दगड, अशी गत होते.

इथे इलेक्ट्रिकमुळे काम वाढतं, हे फारसं कोणी सांगत नाही. या मोटरला पूर्ण टॉर्क, म्हणजे चाक फिरवायचा जोर, शून्यापासूनच मिळतो, बहुतेक गाड्यांना क्लच नाही, गिअर नाहीत. नवखा मुलगा वळणातून निघताना थ्रॉटल पिळतो आणि मागचं चाक जागीच माती उकरतं. आतल्या बाजूला खोल रट, म्हणजे चाकाच्या चऱ्या, पडतात. स्पेनच्या स्टार्क कंपनीने डिसेंबर २०२१ मध्ये व्हार्ग ही इलेक्ट्रिक मोटोक्रॉस गाडी आणली तेव्हा तिची ताकद ८० हॉर्सपॉवर सांगितली होती. तेवढी ताकद चार एकरांत कोणाला लागते? बरं आहे की या गाड्यांची ताकद सेटिंगमधूनच कमी करता येते. तुमच्याकडे येणाऱ्यांना ती कमी ठेवूनच आत सोडा. आणि शांतता आहे म्हणून सकाळपासून अंधार पडेपर्यंत गाड्या फिरायला लागल्या तर पाणी आणि दुरुस्ती त्याच मापाने वाढणार, हे भाडं ठरवताना धरा.

आता वीज. सहा-साडेसहा युनिटची बॅटरी ३.३ किलोवॉटच्या चार्जरवर भरायला दोन तास लागतात. आठ गाड्या एकदम लावल्या तर २६ किलोवॉटच्या वर भार जातो. शेतावरच्या ५ हॉर्सपॉवरच्या पंपाचं कनेक्शन म्हणजे पावणेचार किलोवॉट. त्यात मध्य प्रदेशात शेतीच्या फीडरला दिवसाचे दहा तासच वीज असते, आणि शेतीची वीज धंद्याला वापरली तर वीज कायद्याच्या १२६ व्या कलमाखाली दंडाचं बिल येतं. जनरेटर लावाल तर काकांची म्हैस पुन्हा पान्हा चोरणार. वेगळं कमर्शियल कनेक्शन घ्या, नाहीतर लोकांना बॅटरी भरून आणायला सांगून सराव तेवढ्यापुरता ठेवा. चार्जिंगची जागा उघडी ठेवा, पत्र्याच्या शेडमध्ये नको. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२ च्या पुढे जातो. तापलेली गाडी लगेच चार्जिंगला लावू देऊ नका.

पेट्रोल आणि इलेक्ट्रिक गाड्या एकाच वेळी ट्रॅकवर सोडू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. मोटोक्रॉसमध्ये मागून कोण येतंय हे आपण कानाने ओळखतो. पुढे पेट्रोलची गाडी असली तर तिच्या आवाजात मागची इलेक्ट्रिक अजिबात कळत नाही. जंपच्या पलीकडे कोणी पडला असेल तर झेंडेवाल्यालाही आवाजावरून अंदाज येत नाही, त्यामुळे प्रत्येक आंधळ्या जंपवर माणूस लागतो. त्यात कंजुषी नको.

ट्रॅकबाहेरच्या फिरण्याची मला जास्त काळजी वाटते. सुपर कॉरिडॉरच्या मोकळ्या प्लॉटांवर, चोरलच्या जंगलात, रालामंडलच्या कडेने ही मुलं आता गुपचूप शिरतात, कारण आवाज होत नाही. रालामंडल अभयारण्य आहे, चोरल-महूच्या जंगलात बिबटे आहेत. जनावराला किंवा लाकडं गोळा करणाऱ्या बाईला गाडी अंगावर येईपर्यंत कळत नाही. बॅटरीची आहे म्हणजे सायकलच, हाही गैरसमज आहे. २५० वॉटच्या वरची किंवा ताशी २५ किलोमीटरच्या वर पळणारी गाडी कायद्याने मोटार वाहनच, तिला रस्त्यावर नंबर आणि लायसन्स लागतं. अल्पवयीन मुलाने चालवली आणि काही घडलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. फक्त बंदिस्त आवारात चालवण्यासाठीच बनवलेल्या गाडीची गोष्ट वेगळी, आणि म्हणूनच तुमच्यासारख्यांचा कुंपण घातलेला ट्रॅक हवा आहे. मुलांना जायला हक्काची जागा नसली की ती जंगलात जातात, आणि मग सगळ्यांनाच बंदी होते. पीथमपूरला नॅट्रॅक्स आहे, पण ती कंपन्यांच्या चाचणीची जागा, तिथे आपल्याला कोण विचारतो.

सुरुवात लहान मुलांपासून करा असं मी म्हणेन. केटीएमची एसएक्स-ई ५ ही छोटी इलेक्ट्रिक गाडी मुलांसाठीच आहे. मोठ्यांसाठी अल्ट्राव्हायोलेट कंपनीने मार्च २०२५ मध्ये शॉकवेव्ह ही इलेक्ट्रिक गाडी दाखवली, किंमत तेव्हा पावणेदोन लाख सांगितली. मात्र गाडी कोणतीही घ्या, पार्ट्सची चौकशी आधी करा. अमेरिकेतली अल्टा कंपनी चांगल्या इलेक्ट्रिक गाड्या बनवायची, तरी ऑक्टोबर २०१८ मध्ये बंद पडली आणि तिची गाडी घेतलेले लोक अडकले.

आणि जमीन. कॅलिफोर्नियातला सॅडलबॅक हा मोटोक्रॉसचा ट्रॅक १९८४ मध्ये बंद झाला. तिथल्याच कार्ल्सबॅडच्या ट्रॅकवर १९७३ ते १९८६ अमेरिकन ग्रां प्री ही मोठी शर्यत व्हायची, तो ट्रॅक २००४ मध्ये गेला आणि तिथे औद्योगिक वसाहत उभी राहिली. गाड्या बिनआवाजाच्या असत्या तरी तो वाचला नसता, कारण तिथे जमिनीचा भाव ट्रॅकच्या कमाईपेक्षा मोठा झाला होता. खंडवा रोडला कॉलन्या कशा सरकत चालल्यात हे तुम्ही रोज पाहताच. जमीन वडिलोपार्जित आहे, म्हणजे खसऱ्यावर (जमिनीच्या सरकारी नोंदीत) आणखीही नावं असतील. निदान दहा वर्षं विकायची नाही असं त्या सगळ्यांकडून सहीनिशी लिहून घ्या, पटवाऱ्याला भेटून डायव्हर्शनचा, म्हणजे शेतजमीन दुसऱ्या वापरासाठी बदलून घेण्याचा, खर्च काढा, शेजारच्यांचा लसूण कधी निघतो ते विचारून त्या आठवड्यात ट्रॅक बंद ठेवायचं कबूल करा, आणि मग जेसीबी बोलवा.