शंका-समाधान : पाणी ९८ अंशांवरच अडले, तर आलेख कसा काढावा?

प्रश्न : मी साताऱ्यात दहावीत शिकते. चंचुपात्रात पाणी तापवून दर मिनिटाला, अशी पंधरा मिनिटे मी तापमान नोंदवले. ते २६ अंश सेल्सिअसपासून वाढत गेले, पण शेवटची चार मिनिटे ९८ अंशांवरच राहिले. सातव्या मिनिटाची नोंद तर सहाव्यापेक्षा कमी आहे. आलेखात सगळे बिंदू जोडावेत काय, आणि ९८ ऐवजी १०० लिहावे काय?
– एक विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : आधी दुसरी शंका. ९८ हा आकडा मुळीच खोडू नकोस. पाणी १०० अंशांना उकळते ते समुद्रसपाटीवरील हवेच्या दाबाला. उंची ३०० मीटरने वाढली की उत्कलनांक साधारण एका अंशाने उतरतो आणि सातारा सुमारे ७०० मीटर उंचीवर आहे. महाबळेश्वरला हाच आलेख ९५-९६ अंशांपाशीच आडवा होईल. पाठ्यपुस्तकातील आकड्यासाठी निरीक्षण बदलायचे असेल, तर पाणी तापवण्याचे कष्ट तरी कशाला घ्यायचे?

वेळ तू ठरवलीस आणि तापमान त्यानुसार बदलले, म्हणून वेळ क्ष-अक्षावर व तापमान य-अक्षावर घ्यावे. १ सेंमी = १ मिनिट आणि १ सेंमी = ५ अंश हे प्रमाण सोयीचे आहे; य-अक्ष २० अंशांपासून सुरू केल्यास १०० पर्यंतचा आलेख १६ सेंमीत बसतो. १ सेंमी = ७ अंश असे प्रमाण घेतले, तर प्रत्येक बिंदूपाशी भागाकार करत बसावे लागेल.

बिंदू पट्टीने एकेक जोडू नयेत. प्रत्येक नोंदीत थोडी चूक असतेच, आणि ते जोडून होणारी नागमोडी रेषा पाणी मध्येच निवले असे सांगेल, जे घडलेले नाही. बहुतेक बिंदूंजवळून जाणारी एकच सलग रेषा हाताने काढावी. पाणी जसजसे तापते तसतशी त्यातील उष्णता बाहेर अधिक जाते, म्हणून ही रेषा वर जाताना किंचित झुकते. उकळू लागल्यावर मिळणारी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते आणि रेषा आडवी होते.

राहिली सातव्या मिनिटाची नोंद. चूक कदाचित सहाव्या नोंदीतही असेल, कारण तापमापीचा फुगा पात्राच्या तळाला टेकला तर तापमान जास्त दिसते. उरलेल्या बिंदूंवरून रेषा काढ. या दोघांपैकी तिच्यापासून दूर पडेल त्याभोवती वर्तुळ कर, पण तो पुसू नकोस.