संथ भाग कसा ऐकावा?

प्रश्न : फ्रेंच संगीतकार देब्युसीच्या जी मायनर स्ट्रिंग क्वार्टेटचा (दोन व्हायोलिन, त्याहून थोडा मोठा व्हायोला आणि खर्जातला चेलो अशा चार तंतुवाद्यांच्या रचनेचा) तिसरा, संथ भाग मोबाइलवर ऐकतो. सुरुवातीला काहीच ऐकू येत नाही. आवाज वाढवू का?
– एक वाचक, ता. आर्वी, जि. वर्धा

उत्तर : नको, पुढे सूर चढले की कान किटतील. १८९३ च्या या रचनेत हा भाग सुरू होताना वाद्यांच्या घोडीवर (तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर) म्यूट, म्हणजे आवाज दाबणारे छोटे चाप, बसवलेले असतात. त्यानं घोडीचं कंपन दबतं, सूर मऊ होतो. कूलरच्या घरघरीत तो बुडणारच! शिवाय चेलोची सर्वांत खालची तार साधारण ६५ हर्ट्झची, म्हणजे खूप खर्जातली. फोनच्या स्पीकरला ती पेलत नाही. कूलर बंद करा, इयरफोन लावा. या भागाच्या मध्यावर म्यूट निघतात आणि व्हायोला पुढे येतो : व्हायोलिनपेक्षा भरदार, किंचित घोगरा, फार देखणा आवाज. शेवटी पुन्हा म्यूट. दुसऱ्यांदा ऐकताना फक्त चेलोचा माग धरा.