वाचक विचारतात: स्वस्तातले कॉम्प्युटर पार्ट कुरिअरने मागवायचे, पण कुणाकडून?

प्रश्न : नमस्कार सर, मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, त्याला कॉम्प्युटर असेंबल करून हवाय. इथला दुकानदार म्हणतो ग्राफिक्स कार्ड मागवावं लागेल आणि भाव पण चढा सांगतो. मुलाने एक वेबसाईट शोधलीय तिथे तेच कार्ड अर्ध्या किमतीत आहे, पण पैसे आधी भरायचेत. मोठ्या शॉपिंग ॲपवरही आहे, तिथे एकाच कार्डाचे चार-पाच विक्रेते दिसतात. काय करू?
– एक पालक, बार्शी

उत्तर : नमस्कार. नवं सीलबंद कार्ड अर्ध्या किमतीत मिळत नाही हो. या धंद्यात मार्जिनच इतकं कमी आहे की दिवाळी सेलमध्ये बँकेची ऑफर धरून सुद्धा थोडेफारच कमी होतात. मग अर्धा भाव दिसला की एकतर माल क्रिप्टो मायनिंगला (बिटकॉइनसारखी डिजिटल नाणी कमवायला रात्रंदिवस) वापरून, पुसून परत बॉक्समध्ये घातलेला असतो, किंवा बिल मिळणार नसतं, किंवा माल मुळात नसतोच. चौथा प्रकार म्हणजे नाव तेच आणि कार्ड वेगळं. एएमडी कंपनीच्या आरएक्स ५८० या ग्राफिक्स कार्डाचंच बघा, मूळ कार्डात २३०४ कोअर (कार्डाचं काम करणारे छोटे भाग) आहेत, पण चीनमध्ये २०१८ ला '५८० २०४८एसपी' नावाचं निघालं ते खरं तर खालचं ५७० मॉडेल आहे, आणि विकताना ते शेवटचे आकडे बारीक अक्षरात किंवा गायबच. म्हणून मॉडेलचं नाव पूर्ण वाचायचं, शेवटच्या अक्षरापर्यंत.

आता विक्रेता कसा ओळखायचा. माझ्या मते एकच गोष्ट बघायची, पैसे गेल्यावर हा माणूस सापडेल का. स्टार, फोटो, 'लाखो खुश ग्राहक' वगैरे सोडून द्या, वेबसाईटच्या तळाशी जीएसटी नंबर आहे का ते बघा. १५ अक्षरी असतो, पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७, दिल्लीचे ०७, पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. तो नंबर जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर 'सर्च टॅक्सपेयर' मध्ये टाका, लॉगिन लागत नाही, फुकट आहे. मालकाचं नाव, दुकानाचं नाव, पत्ता, कधीपासून नोंदणी आहे, चालू आहे की रद्द झालीय, सगळं दिसतं, आणि खाली रिटर्न भरल्याचा तक्ता पण उघडतो. वेबसाईटवर 'मुंबईतलं जुनं दुकान' लिहिलंय आणि नंबर ०७ ने सुरू होतोय, नोंदणी दोन महिन्यांपूर्वीची, तर विषय संपला.

पण दुसऱ्याचा नंबर ढापून लावणारे पण आहेत, त्यामुळे इथे थांबू नका. पैसे भरताना यूपीआयवर जे नाव येतं ते नीट वाचा. पोर्टलवरचं नाव, वेबसाईटवरचं नाव आणि पैसे घेणाऱ्याचं नाव जुळलं पाहिजे. वेबसाईट दुकानाच्या नावाची आणि पैसे कुणा भलत्याच माणसाच्या खात्यात जातायत असं दिसलं तर तिथेच मागे फिरा, पिन टाकूच नका, कारण यूपीआयने गेलेले पैसे आपल्या हातात परत येणं फार अवघड. क्रेडिट कार्ड असेल तर ते वापरा, माल आलाच नाही तर बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे कार्डावरून गेलेले पैसे परत, मागता येतो.

आणि सरळ फोन करा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरची बरीच दुकानं आता वेबसाईटवरून देशभर माल पाठवतात, त्यांच्याकडे काउंटर असतो, फोन उचलणारा माणूस असतो. विचारा, 'आमचे पाहुणे मुंबईत आहेत, दुकानात येऊन घेतलं तर चालेल का?' खरा दुकानदार या म्हणतो. 'पिकअप नाही, फक्त गोडाऊन आहे, आजच्या आज पेमेंट करा, ऑफर संपतेय' असं ऐकू आलं तर फोन ठेवा. दुसरा प्रश्न वॉरंटीचा : भारतातली कंपनी वॉरंटी आहे की दुकानाची, आणि सिरियल नंबर बिलावर छापून मिळेल का. आपल्याकडे बऱ्याच ब्रँडची वॉरंटी इम्पोर्टर किंवा डिस्ट्रिब्युटर सांभाळतो, त्यामुळे परदेशातून परस्पर आणलेल्या मालाला सर्व्हिस सेंटरवाला हात लावत नाही. 'बिलाशिवाय जीएसटीचे अठरा टक्के वाचतील' असं कुणी म्हटलं तर नको म्हणा, ते अठरा टक्के म्हणजेच तुमची वॉरंटी आहे.

ॲपवर घेणार असाल तर एक लक्षात ठेवा, विकणारा ॲप नसतो, 'सोल्ड बाय' च्या पुढे ज्याचं नाव आहे तो असतो. आणि खाली जे रिव्ह्यू दिसतात ते वस्तूचे, विक्रेत्याचे नाहीत. विक्रेत्याच्या नावावर टॅप करून त्याचं वेगळं रेटिंग बघा, तो बाकी काय विकतो ते पण बघा. चादरी, मिक्सर आणि मधेच एक ग्राफिक्स कार्ड असं दुकान असेल तर दोनशे रुपये जास्त देऊन दुसऱ्याकडून घ्या.

बार्शीच्या दुकानदाराला पण एकदा विचारा, ऑनलाइन भावाच्या जवळ येतोस का. वॉरंटीसाठी कार्ड परत पाठवायची वेळ आली तर ती धावपळ तो करेल, त्याचे थोडे पैसे जास्त द्यायला मला काही गैर वाटत नाही.

प्रश्न : २ टीबीची पोर्टेबल एसएसडी दीड हजारात मिळाली, कॉम्प्युटरला लावली तर २ टीबी दाखवते पण, तरी मित्र म्हणतो नकली आहे. कसं कळेल?
– एक वाचक, वसई

उत्तर : मित्र बरोबर बोलतोय. त्या ॲल्युमिनियमच्या डबीत बहुतेक वेळा एक छोटंसं मेमरी कार्ड असतं, ६४ जीबी वगैरेचं, आणि फर्मवेअरमध्ये, म्हणजे त्याच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये, फेरफार करून ते २ टीबी सांगतं. फाईली जातात, नावं दिसतात, पण खरी जागा भरली की पुढचा डेटा जुन्यावर लिहिला जातो, म्हणजे लग्नाचे फोटो ठेवले असतील तर ते गेले. एचटूटेस्टडब्ल्यू नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर आहे, ते पूर्ण जागा भरून परत वाचून बघतं. पूर्ण होईपर्यंत लावून ठेवा. फेल झाली तर त्या स्क्रीनचा फोटो काढून आजच रिटर्न टाका, मुदत संपायची वाट बघू नका.

प्रश्न : रॅम मागवली, बॉक्समध्ये साबण निघाला. विक्रेता म्हणतो आम्ही बरोबरच पाठवलं होतं.
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : पार्सल उघडतानाचा व्हिडिओ आहे का? असेल तर काम सोपं आहे. नसेल तरी बॉक्सवरचं लेबल फाडू नका, त्यावर बहुतेक वेळा वजन लिहिलेलं असतं, रॅमचं पाकीट आणि साबणाची वडी यांच्या वजनातला फरक तिथेच दिसतो. लेखी तक्रार ॲपच्या तक्रार अधिकाऱ्याकडे करा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्यात निकाली काढायची असते. दाद लागली नाही तर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. त्यापुढे ग्राहक आयोग, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात केस टाकता येते, म्हणजे विक्रेता दिल्लीचा असला तरी तुम्हाला रत्नागिरीलाच जायचंय, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी पण नाही. वेबसाईटच बोगस निघाली असेल तर मात्र हे सगळं नंतर, आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, तो जितका लवकर कराल तितकं समोरच्या खात्यातले पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.