गाऱ्हाण्यातले एक नाव

प्रश्न : माझे यजमान व्यापारी जहाजावर खलाशी होते. दोन वर्षांपूर्वी चाच्यांनी त्यांचे जहाज पळवले आणि सात महिने ते ओलीस राहिले. सुटून आल्यापासून ते पहाऱ्यावरच्या एका पोराबद्दल फार मायेने बोलतात. "त्यानेच तुझ्याशी फोन लावून दिला," असे सांगतात. त्या फोनवर ते रडत होते आणि "कंपनीला पैसे द्यायला सांग, नाहीतर हे मारतील" एवढेच बोलले होते, हे मी कशी विसरू? यंदा शिमग्याला पालखी दारात आली, तेव्हा गाऱ्हाण्यात त्या पोराचे नाव घ्या, असे त्यांनी मानकऱ्यांना सांगितले. धाकटे दीर सगळ्यांदेखत ओरडले. तेव्हापासून भावाभावांत अबोला आहे. रात्र रात्र ते पडवीत दाराकडे तोंड करून बसतात. याला स्टॉकहोम सिंड्रोम म्हणतात असे कळले. त्यावर औषध आहे का?
— एक वाचक, गुहागर तालुका

उत्तर : ताई, ते नाव गाऱ्हाण्यात घालायला सांगणे हे वेडाचे लक्षण नाही आणि तुमच्याशी प्रतारणाही नाही. पाणी, झोप, शौचाला जाण्याची परवानगी आणि प्रत्यक्ष जीव दुसऱ्याच्या हाती असतो, तेव्हा त्याने न मारणे हेच उपकार वाटू लागतात. त्या मायेच्या आधारानेच कदाचित यजमानांनी सात महिने काढले, हे दिरांनाही एकदा शांतपणे सांगा.

‘स्टॉकहोम सिंड्रोम’ या नावाविषयी माझे मत फारसे चांगले नाही. ऑगस्ट १९७३ मध्ये स्टॉकहोमच्या एका बँकेत चार कर्मचारी सहा दिवस ओलीस होते. त्यांतल्या एकीने थेट पंतप्रधान ओलोफ पाल्मे यांच्याशी फोनवर बोलून पोलिसांच्या कारवाईचीच भीती बोलून दाखवली. पोलिसांना सल्ला देणारे मनोविकारतज्ज्ञ निल्स बेयेरोट यांच्यामुळे या वागण्याला आजाराचे नाव मिळाले. बाहेरून गोळीबार होईल, ही भीती आत कोंडलेल्या बाईला वाटावी, यात आजार कुठला? जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगसूचीत हे निदान नाही आणि त्यावर वेगळी गोळीही नाही. उपचार होतात ते आघाताच्या मागे राहिलेल्या जागरणावर, दचकण्यावर आणि दाराकडे पाहत बसण्यावर.

सुरुवात झोपेपासून आणि निवडीपासून होते. कधी जेवायचे, कुठे निजायचे, कोणाला भेटायचे, हे त्यांना ठरवू द्या, कारण सात महिने नेमके हेच त्यांच्या हातात नव्हते. पुढे आघातावर केंद्रित मानसोपचार, अनेकदा दर आठवड्याला एक बैठक याप्रमाणे, काही महिने चालतो. तिथे केव्हातरी तो फोन निघेल. ज्या पोराने फोन हातात दिला, त्याच फोनवर तुमच्याकरवी खंडणीसाठी दबाव आणला गेला, हे दोन्ही खरे आहे. पण ही सांगड त्यांनी स्वतः घालायची असते. तुम्ही पुरावा पुढे केलात तर ते त्या पोराची बाजू घेऊन भांडतील आणि ते नाते अधिकच घट्ट होईल. सोबत उदासी किंवा सततची धास्ती असेल, तर डॉक्टर सर्ट्रालीनसारखे औषध देतात. त्याचा गुण यायला काही आठवडे लागतात. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या झोपेच्या गोळ्या आणि दारू, दोन्ही टाळा. एखादे जहाज पळवल्याची बातमी आली की चार रात्री पुन्हा वाईट जातील. त्याने घाबरून उपचार सोडू नका.

रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात बाह्यरुग्ण म्हणून दाखवता येते. तिथे जायला ते कचरत असतील, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतून बोलता येते, आणि पहिला फोन तुम्हीच केलात तरी चालेल. पुन्हा जहाजावर जाण्याची घाई मात्र करू देऊ नका.

पुढच्या शिमग्याला त्यांनी तेच नाव सांगितले, तर मानकऱ्यांना ते घेऊ द्या. त्या पोराला शोधण्याचा किंवा पैसे पाठवण्याचा विषय निघाला, तर तो लगेच डॉक्टरांच्या कानावर घाला.