बटण, कळ, गुंडी आणि राहून गेलेलं काज

प्रश्न असा आला आहे: बेळगावातल्या दुकानाचं ॲप मराठी आणि कानडीत करायचंय. कानडी मजकुरात ‘गुंडी’ आहे. मराठीत ‘कळ’ लिहू, ‘बटण’ की ‘गुंडी’च ठेवू?

‘कळ’ आधी खोडा. ‘पुढे जाण्यासाठी कळ दाबा’ हे जिथं तिथं वाचून वीट आलाय. कळ कळफलकावर असते, त्यामुळं वाचणारा पडद्याकडं न बघता एंटर शोधू लागतो.

‘गुंडी’ला कानडी म्हणून हाकला म्हणणाऱ्या शुद्धिवाद्यांचं मला मुळीच पटत नाही. सदऱ्याची गुंडी खानापूर-निपाणीकडं मराठी तोंडात रुळलेली आहे. गोल वस्तूचा गुंडा, लहान ती गुंडी. खड्ड्याला कानडीत गुंडी म्हणतात ती निराळी, तिची सरमिसळ नको.

पण खरा शब्द आहे काज! तो पोर्तुगीज ‘काझा’वरून आला. काझा म्हणजे घर, आणि बटणाच्या भोकालाही तिकडं काझाच म्हणतात. म्हणजे शिंपी बटणाला घर बांधून देतो. ‘कामकाज’मधलं काज संस्कृत ‘कार्य’वरून आलेलं. दोन्ही एकच मानणाऱ्यांनी निदान अर्थ तरी ताडून बघावा. आपल्याकडं हा शब्द गोव्यातून चोर्ला घाट चढून, जांबोटीवरून शिंप्यांबरोबर आला असावा, असं माझं मत आहे आणि ते मी सोडणार नाही.

ॲपमध्येही काज आखूड पडलं की बटण लागत नाही. डब्ल्यूसीएजी २.२, म्हणजे वेबपानं अपंगांनाही वापरता यावीत म्हणून ठरवलेले निकष; त्यांच्या एए या मधल्या पातळीला बोट टेकवायची जागा किमान २४ × २४ सीएसएस पिक्सेल (वेबपानावरचं माप) लागते. ॲन्ड्रॉइड ४८ डीपी (त्याचं पडद्यावरचं माप) सुचवतं. इंग्रजी अक्षरं धरून उंची पक्की केली, की ‘पूर्ण करा’मधला रफार वरून आणि उकार खालून कापला जातो. उंची मोकळी सोडा, आतली जागा पॅडिंगनं द्या. आणि नुसत्या डिव्हला, म्हणजे पानातल्या साध्या चौकटीला, रंग फासून बटण म्हणू नका: टॅब दाबत गेलं तर त्यावर थांबत नाही, स्पेसनं चालत नाही. एचटीएमएलमधला बटण टॅगच वापरा. फॉर्ममध्ये त्याला टाइप दिला नाही तर ते सबमिट, म्हणजे फॉर्म पाठवायचं बटण, धरलं जातं, आणि ‘रद्द करा’ दाबलं तरी ऑर्डर जाते.

राहता राहिला तुमचा प्रश्न. बटणावर ‘बटण’ही नको, ‘गुंडी’ही नको, ‘ऑर्डर द्या’ एवढंच लिहा. ते बटण आहे हे स्क्रीन रीडर, म्हणजे पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, आपणहून सांगतो. मदतीच्या पानावर मात्र खुशाल ‘बटण’ लिहा.