बाबांना फॅटी लिव्हर आहे, व्हिटॅमिन ईच्या गोळ्या द्याव्यात का?

खानापूरहून विचारलंय तुम्ही, बाबांना शुगरही आहे म्हणता. मग मेडिकलमधून परस्पर आणून देऊ नका, आधी डॉक्टरांना विचारा. सूज असलेल्या फॅटी लिव्हरच्या रुग्णांवरच्या 2010 च्या पिव्हेन्स नावाच्या औषध-चाचणीत रोज 800 युनिट व्हिटॅमिन ई 96 आठवडे घेणाऱ्यांपैकी 43 टक्के लोकांचं यकृत सुधारलं; औषध नसलेल्या गोळीवर 19 टक्के. पण त्यांत मधुमेही कुणीच नव्हते, आणि सुजेमुळे यकृतात पडलेले व्रण (फायब्रोसिस) फारसे कमी झाले नाहीत. शिवाय 400 युनिट घेणाऱ्या पुरुषांत प्रोस्टेटचा कॅन्सर थोडा जास्त आढळल्याचं 2011 मध्ये समोर आलं. बाबांच्या वयात ही जोखीम मला नको वाटते. वजन 7 ते 10 टक्के उतरलं तर यकृताची सूजही उतरते. कुंदा ही दुधाची मिठाई सणापुरतीच ठेवा, दारू असेल तर बंदच, आणि रोज संध्याकाळी त्यांच्याबरोबर तुम्हीही चालायला जा.