वडिलांचा अंगठा, भावाचा हिशोब

प्रश्न थोडक्यात असा: पंढरपूरकडच्या एक ताई दोन वर्षांपासून वडिलांचं सगळं करतायत. वडील एसटीत ड्रायव्हर होते, आता रिटायर. घशाचा कॅन्सर, ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र काढलं त्यामुळे आवाज गेला, वहीत लिहून बोलतात. आजार परत उलटलाय, मॉर्फिनच्या गोळ्या चालू आहेत. हात थरथरतो, सही जुळत नाही म्हणून बँक एफडी मोडून देत नाही, पेशंटला घेऊन या म्हणते. ताई एटीएमने खर्चाला पैसे काढतात. आई नाही. पुण्यातला भाऊ म्हणतो हिशोब दे, आणि पप्पांची पॉवर ऑफ अॅटर्नी माझ्या नावाने कर. वडिलांनी मात्र वहीत लिहिलंय, 'घर ताईला'.

ताई, आधी बँकेचं, कारण औषधं थांबत नाहीत. पेशंटला स्ट्रेचरवर घालून ब्रँचला न्यायची गरज नाहीये. रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत की खातेदार आजारपणामुळे सही करू शकत नसेल तर अंगठ्याचा ठसा चालतो, हाताचा नाही तर पायाचा पण, फक्त बँकेच्या माहितीतले दोन स्वतंत्र साक्षीदार लागतात आणि त्यातला एक बँकेचाच जबाबदार अधिकारी असावा लागतो. ठसासुद्धा जमत नसेल तर नुसती खूण चालते आणि पैसे कोण घेऊन जाणार ते खातेदाराने दाखवून द्यायचं. काउंटरवर तोंडी भांडू नका, तिथे बसलेल्या पोराला बहुतेक हे माहीतच नसतं. मॅनेजरच्या नावाने अर्ज लिहा, डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडा, अधिकारी घरी पाठवा असं स्पष्ट मागा आणि आपल्या कॉपीवर पोच घ्या. शिक्का मारून घेतलेल्या अर्जाला नाही म्हणायला लेखी कारण द्यावं लागेल ना, मग बघा कशी हालचाल होते.

एटीएमचं. वडिलांच्या सांगण्यावरून तुम्ही पैसे काढताय, ती चोरी नाही. पण पिन दुसऱ्याने वापरणं बँकेच्या नियमात बसत नाही, आणि उद्या भावाने विचारलं तर तुमच्याकडे दाखवायला काय आहे? म्हणून साधी दोनशे पानी वही घ्या, तारीख, रक्कम, कशाला, आणि बिल चिकटवा, अगदी रिक्षाचे शंभर रुपये सुद्धा. जो सेवा करतो त्यालाच शेवटी हिशोब विचारतात, जो लांब असतो त्याला कोणी विचारत नाही, हे मी कोर्टात इतक्यांदा बघितलंय की आता चीड पण येत नाही. आणि लिहायला बरं वाटत नाहीये पण सांगतो, वडील गेल्यावर त्या कार्डाला हात लावायचा नाही, अंत्यविधीच्या खर्चाला सुद्धा नाही. त्या दिवसापासून पैसा सगळ्या वारसांचा. एफडीला भाऊ नॉमिनी आहे म्हणून घाबरू नका, नॉमिनी म्हणजे बँकेकडून पैसे उचलणारा माणूस, मालक नाही.

पॉवर ऑफ अॅटर्नी (आपल्याकडे मुखत्यारपत्र) भावाच्या नावाने करायला वडिलांची इच्छा नसेल तर करूच नका, जबरदस्ती कोणी करू शकत नाही. तसंही ते वडिलांच्या हयातीपुरतंच असतं, ते गेले की त्याच क्षणी कागद संपला.

आता घर. ते वडिलांनी स्वतःच्या फंडातून घेतलंय असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे स्वकष्टार्जित, कोणाला द्यायचं ते त्यांनी ठरवायचं. पण काहीच केलं नाही तर तुम्ही आणि भाऊ निम्मे निम्मे. दोन वर्षं उशाशी बसलात म्हणून कायदा एक इंच जास्त देत नाही, कटू आहे पण असंच आहे. बक्षीसपत्र केलं तर मुलीला राहत्या घरासाठी मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये, स्थानिक अधिभार वेगळा, पण घर आजच त्यांच्या नावावरून जातं. आजारी माणसाला ते लागतं मनाला. मी मृत्युपत्र म्हणेन. त्याला स्टँप लागत नाही, बोलता न येणारा माणूस सुद्धा करू शकतो, आपण काय करतोय ते त्याला कळत असलं म्हणजे झालं. नोंदणी सक्तीची नाही तरी करा, दुय्यम निबंधक (म्हणजे नोंदणी करणारा सरकारी अधिकारी) पेशंटसाठी घरी येतात, अर्ज 'गृहभेट' म्हणून करायचा.

खरी लढाई मॉर्फिनवर होणार. भावाचा वकील म्हणणार की गुंगीत अंगठा घेतला. १९५९ च्या वेंकटाचल अय्यंगार निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की संशयाला जागा असेल तर ती दूर करायची जबाबदारी मृत्युपत्र पुढे आणणाऱ्याची, म्हणजे तुमची. म्हणून गोळीनंतर किती वाजता ते सर्वात तरतरीत असतात ते दोन-चार दिवस बघून ठेवा आणि तीच वेळ घ्या. त्याच दिवशी डॉक्टरांनी तपासून लिहून द्यावं की शुद्धीवर आहेत, समजतंय. डॉक्टर साक्षीदार झाले तर उत्तम, दुसरा एखादा जुना एसटीतला मित्र, वडिलांपेक्षा वयाने लहान, म्हणजे पुढे कोर्टात साक्षीला येऊ शकेल असा. मजकूर त्यांना मोठ्याने वाचून दाखवायचा, मग 'नि.डा.अं.' (निशाणी डावा अंगठा) लिहून ठसा, आणि जमलं तर शेजारी वाकडीतिकडी सही पण. भावाला घर का नाही याचं एक वाक्य त्यांनीच घालावं. तुम्ही त्या खोलीत थांबू नका, व्हिडिओ दुसऱ्याने काढू दे, तुम्ही आत जाऊन सगळ्यांना चहा टाका.

आणि ती बोलायची वही. भरली की रद्दीत टाकू नका. 'घर ताईला' एवढंच पान फाडून जपू नका, अख्खी वही ठेवा, 'वरणात मीठ कमी', 'दादाचा फोन आला का', 'पेन्शन जमा झाली का बघ' सगळ्यासकट. डोकं ताळ्यावर असलेला माणूसच मिठाची तक्रार करतो, हे कुठल्याही न्यायाधीशाला पटतं. जमलं तर रोज रात्री पानाच्या कोपऱ्यात तारीख घाला.